येळवस आणि मोबाइलमधला पंडित

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव-लातूरकडच्या गावांत माणूस शोधून सापडत नाही. सगळे शेतात. त्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडून पुजायचे आणि मग भज्जी, उंडे, आंबील. वाटेने जाणारा अनोळखी माणूसही जेवल्याशिवाय सुटत नाही.

आता समजा, इथल्या एखाद्या मुलाने ‘माझा आवडता सण’ हा निबंध मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने लिहिला, तर? अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असा प्रयोग केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय आणि अमेरिकन मिळून ११८ जण इंग्रजीत लिहायला बसले. काहींना यंत्र पुढचे शब्द सुचवत होते. आवडता पदार्थ? यंत्र भारतीयांना पिझ्झा सुचवी. सण? ख्रिसमस. सुचवलेले नाकारता येत होतेच. तरीही यंत्राच्या मदतीने लिहिणाऱ्या भारतीयांची लेखणी अमेरिकन वळणावर गेली. स्वतःच्या ताटातल्या पदार्थाचे वर्णनही नेमके तपशील गळून, परक्याला सांगावे तसे गुळगुळीत झाले. मला पिझ्झ्यापेक्षा हे अधिक बोचले.

यात कुणाचे कारस्थान नाही. यंत्र वाचून शिकते, आणि इंटरनेटवर इंग्रजीचा डोंगर आहे. इंग्रजी विकिपीडियावर सत्तर लाखांच्या आसपास लेख, मराठीत लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे मात्र ८ कोटी ३० लाख! शिवाय चांगले उत्तर कोणते, हे यंत्राला माणसेच शिकवतात, आणि त्याच्या कसोट्या बहुधा अमेरिकन कंपन्या ठरवतात. म्हणून शब्द मराठी आले तरी हिशेब तिकडचा असू शकतो. बांधावरून भावाशी अबोला झाला आहे, काय करू, असे विचारून पाहा. थोरल्या चुलत्याला किंवा मामाला मध्ये घाला, असे ते सांगते का, की समुपदेशकाकडे पाठवते?

तिकडचे ते सगळे वाईट, असे मी म्हणणार नाही. सोळाव्या वर्षी लग्न ठरलेल्या मुलीला यंत्राने ‘निर्णय तुझा आहे’ असे सांगितले, तर मी भावकीच्या नव्हे, यंत्राच्या बाजूचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. पण त्यांनी तो विचार कुठला, कुणाचा, हे उघड सांगून, पारखून घेतला. यंत्राच्या सल्ल्यावर गावाचे नाव नसते. तो जगभरचा शहाणपणा म्हणून समोर येतो आणि विद्यार्थी तो तसाच वहीत उतरवतो.

भज्जीत काय काय पडते, आंबील कधी लावायची, कोपीला किती पेंढ्या लागतात, हे आज्यांना ठाऊक आहे. त्यातले फारच थोडे कुठे लिहिलेले सापडते. यंदाच्या येळवशीला शाळांनी मुलांकडून ते विचारून लिहून घ्यावे, गावाच्या नावासह. आणि निबंध आधी मुलाने लिहावा. यंत्राला दाखवायचा तर नंतर.