दिलेली तारीख पाळणारी माणसं



सर्वप्रथम महाविद्यालयाच्या आजच्या कार्यक्रमामागे राबलेल्या स्वयंसेवकांचं अभिनंदन. मंडप, ध्वनिव्यवस्था, नाटकाच्या तालमी, बक्षिसांची यादी हे सगळं एका संध्याकाळी जुळून येतं, कारण काही आठवड्यांपूर्वी कुणीतरी वहीत कामं, नावं आणि तारखा लिहिलेल्या असतात. आज मला याच वहीबद्दल, म्हणजे नियोजनाबद्दल, आणि ती जिथे सगळ्यात जास्त लागते त्या घरून कामाबद्दल बोलायचं आहे.

मी नागपूरची. मार्केटिंगमध्ये काम करते. कंपनी पुण्यात, सहकारी तीन-चार शहरांत विखुरलेले आणि माझं टेबल इथे नागपुरात, माझ्या घरी. माझ्या आधीच्या पिढीसाठी पदवी हातात पडली, की पुढची पायरी पुण्याच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट हीच होती. परसोडीचं आयटी पार्क आणि मिहानमधल्या कंपन्यांनी काही जणांना इथे थांबवलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-बंगळुरूला गेलेली कितीतरी मुलं लॅपटॉप घेऊन घरी परतली. तेव्हा विदर्भातल्या घरांनी पहिल्यांदा पाहिलं, की नोकरी दूरच्या शहरातली आणि माणूस इथला, असंही चालू शकतं.

ही कल्पना मात्र कोरोनाच्या खूप आधीची आहे. १९७३ च्या सुमारास जॅक निल्स या अमेरिकी अभियंत्याने लॉस एंजेलिसमध्ये एका विमा कंपनीबरोबर प्रयोग केला. रोज माणसांना कामापर्यंत नेण्यापेक्षा काम माणसांच्या घराजवळ न्यावं, एवढाच त्याचा साधा विचार होता. आपल्याकडे ५ नोव्हेंबर २०२० रोजी दूरसंचार विभागाने बीपीओ आणि आयटी सेवांसाठीचे नियम सैल केले आणि घरून काम करण्यातल्या बऱ्याच सरकारी अडचणी दूर झाल्या.

त्या काळातला उत्साह मोठा होता. २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी फक्त २५ टक्के कर्मचारी कार्यालयात असले तरी पुरेल, असं टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने बहुतेक कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावलं. एवढी मोठी कंपनी तीन वर्षांत दिशा बदलते, तेव्हा घरून काम हा आपला हक्क आहे असं धरून चालणं धोक्याचं ठरतं. ती विश्वासावर मिळालेली मुभा आहे. ती कुणाला मिळते आणि कुणाकडे टिकते, हा तुमच्या कामाचा प्रश्न आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत दोन मोठे अभ्यास केले. पहिल्यात कॉल सेंटरचे कर्मचारी नऊ महिने घरून काम करत होते. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. तरीही प्रयोग संपल्यावर त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी कार्यालयात परत जाणं पसंत केलं, कारण घरी एकटेपणा जाणवत होता. दुसऱ्या अभ्यासात १,६१२ कर्मचारी होते आणि त्यांतल्या एका गटाला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा होती. त्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. या अभ्यासांतून मला दोन गोष्टी समजतात. घरून काम उत्तम होऊ शकतं, पण माणसांची सोबतही लागते.

म्हणून तुमच्यापैकी जे यंदा नोकरीला लागतील त्यांना माझा स्पष्ट सल्ला आहे. पहिली एक-दोन वर्षं शक्य असेल तर कार्यालयात जा. ग्राहक चिडला असताना वरिष्ठ फोनवर कसं बोलतात, बैठकीत एखादी कल्पना का फेटाळली जाते, हे शेजारी बसूनच शिकता येतं. ते शिकून मग घरून काम मागा.

आता नियोजनाबद्दल. कार्यालय आपल्याला न मागता एक शिस्त देतं. येण्याची वेळ, जेवणाची वेळ, मागून येणारा वरिष्ठांचा आवाज. घरी यातलं काहीच नसतं. ती जागा स्वतःच्या नियोजनाने भरावी लागते.

नियोजनात माणूस कुठे चुकतो, हे कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवरच तपासलं. १९९४ च्या त्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर? तेव्हा उत्तर होतं सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक दिवस. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही कमीच पडला. याच संशोधकांना उपायही सापडला. मागचं असंच काम किती दिवसांत झालं होतं हे आठवून, त्याच्याशी जोडून अंदाज बांधला, तर तो बराच खरा ठरतो. पुढच्या जर्नल सबमिशनची तारीख ठरवताना मागच्या सेमिस्टरला काय झालं होतं ते आधी लिहून काढा.

आमच्या क्षेत्रात नियोजन शेवटाकडून सुरुवातीकडे चालतं. दिवाळीची जाहिरात ज्या दिवशी लोकांसमोर यायची, ती तारीख आधी पक्की. तिथून मागे यायचं. छपाई, मंजुरी, मराठी-हिंदी मजकूर, छायाचित्रण. असं मागे येता येता लक्षात येतं, की दिवाळीचं काम पावसाळ्यातच सुरू व्हायला हवं. प्रत्येक टप्प्यापुढे एकाच माणसाचं नाव असतं, कारण दोघांवर सोपवलेलं काम बहुधा कुणाचंच राहत नाही. आणि संध्याकाळी प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या: आज काय झालं, काय अडलं, उद्या काय होईल. दूर बसलेल्या सहकाऱ्याला तुमचा चेहरा दिसत नाही, या तीन ओळी दिसतात. त्यावरूनच तो तुमच्यावर विसंबायचं की नाही ते ठरवतो.

स्थानिक माहितीही नियोजनात मांडावी लागते. पोळा, तान्हा पोळा, मारबत हे इथले सण-उत्सव म्हणजे काय, हे बंगळुरूच्या सहकाऱ्याला ठाऊक नसतं. ते आपणच कॅलेंडरवर आधी टाकायचं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि कूलरच्या आवाजात फोनवर बोलता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात बैठका सकाळी आणि लेखनाचं काम दुपारी, असं आधीच ठरवून सर्वांना कळवलेलं बरं.

काय करायचं याइतकंच काय सोडायचं हेही ठरवावं लागतं. काटोल-नरखेडचा संत्रा बागायतदार हे उत्तम जाणतो. मृग बहार धरायचा तर तो मे महिन्यात बागेचं पाणी तोडून झाडाला ताण देतो. पावसाबरोबर फूल येतं आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतं. आंबिया बहार धरायचा तर ताण हिवाळ्यात. दोन्ही बहार एकाच झाडावर घेतले तर झाड थकतं, म्हणून जाणता शेतकरी एकच निवडतो. आपल्या आठवड्याचंही तसंच आहे.

पालकांशीही दोन शब्द बोलते. मुलगी घरून काम करते तेव्हा "घरीच तं आहेस, जरा एवढं करून दे" हे वाक्य दिवसभरात अनेकदा येतं. पाहुण्यांचा चहा, गॅस सिलिंडर, कुरियर, सगळं तिच्याकडे. भावाच्या दारावर मात्र कुणी थाप मारत नाही. कृपा करून मुलीच्या कामाच्या वेळेलाही तेवढाच मान द्या. घरातल्या लहानशा कोपऱ्यात बसून ती जे करते, ती पूर्ण वेळेची नोकरीच आहे.

प्राचार्यांना एक नम्र विनंती आहे. अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी शांत खोली नसते. दुपारी महाविद्यालयाचं ग्रंथालय आणि इंटरनेट त्यांच्यासाठी खुलं करता आलं, तर त्यांना बसायला जागा मिळेल आणि आजच्या विद्यार्थ्यांना कामाची रीत जवळून पाहता येईल.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगते. नागपुरात राहून, आईवडिलांजवळ राहून देशभरातलं काम करता येतं. त्यासाठी पुण्या-मुंबईतल्या कुणालातरी खात्री वाटली पाहिजे, की नागपूरच्या माणसाने तारीख दिली म्हणजे काम झालं. ही खात्री मिळवायला नोकरी लागेपर्यंत थांबू नका. या सोमवारी तुमच्या प्रोजेक्टची तारीख लिहून सरांना, मॅडमना द्या आणि ती पाळा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी सांगा. एवढी सवय लागली, तर तुमच्याबरोबर या शहराचंही नाव मोठं होईल.