टेलचं पाणी : हृदयाच्या एमआरआयविषयी

(महागाव येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कालव्याला पाणी सुटलं की कोणाचं शेत आधी भिजतं आणि कोण रात्र जागून काढतो, हे तुम्हाला सांगायला नको. मुखाशी असतो त्याला मिळतं, शेवटच्या टोकाचा टेलवाला वाट पाहतो. आज मी हृदयाविषयी बोलणार आहे, आणि तिथंही पाण्याचा न्याय हाच आहे.

हृदय म्हणजे मुठीएवढा, स्नायूचा पंप. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देतो. त्याला स्वतःला लागणारं रक्त कोरोनरी धमन्या आणतात. त्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावरून जातात आणि त्यांचे बारीक फाटे आत शिरतात. मुख्य कप्प्याची भिंत जेमतेम एक सेंटिमीटर जाड, पण तिचा सगळ्यात आतला थर टेलला असतो. धमनी अरुंद झाली की पहिली तहान त्या थराला लागते. झटका आला की स्नायूचं मरणही तिथूनच सुरू होतं.

आपल्याकडे नातेवाईक आधी विचारतात, ‘डॉक्टर, ब्लॉकेज किती टक्के?’ हा प्रश्न पाइपाचा आहे, आणि त्याचं उत्तर अँजिओग्राफी देते. पण नुसता पाइप पाहून कोणी पिकाचा अंदाज बांधतो का? त्यासाठी बांधावर जावं लागतं. एमआरआय बांधावर जातो. तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या, ठोक्यागणिक हलणाऱ्या धमन्या दाखवण्यात तो सीटी स्कॅनच्या मागेच आहे. त्याची खरी ताकद स्नायू दाखवण्यात आहे.

तो हे कसं करतो? आपल्या अंगात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे, आणि हायड्रोजनचा प्रत्येक अणुगर्भ म्हणजे इवलासा चुंबक. दीड टेस्लाच्या यंत्राचं चुंबकत्व पृथ्वीच्या सुमारे ३० हजार पट असतं. त्यात हे इवले चुंबक एका दिशेला कलतात. रेडिओलहरींनी त्यांना हलवलं की ते पुन्हा जागेवर येताना स्वतःच लहरी सोडतात, आणि त्या लहरींपासून चित्र तयार होतं. या चित्रणाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल मिळालं. यात एक्स-रे वापरावे लागत नाहीत.

तपासणीत शिरेतून अ‍ॅडिनोसिनसारखं औषध देतात. त्यानं निरोगी धमन्या रुंदावतात, आजारी धमन्यांना ते जमत नाही. त्याच वेळी गॅडोलिनियमचं द्रव्य सोडतात. रक्त जिथं उशिरा पोहोचतं, तो भाग पडद्यावर काळपट राहतो. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चित्रं घेतात, आणि यावेळी जिवंत स्नायू काळा दिसतो. मेलेल्या जागेत मात्र ते द्रव्य रेंगाळतं आणि ती जागा पांढरी दिसते. हृदयाचा आडवा काप बांगडीसारखा गोल असतो. त्या काळ्या बांगडीच्या आतल्या कडेला एक पांढरी कोर उमटते. तो टेलचा थर, वाळून गेलेला.

समजा, फुलसावंगीच्या एका पन्नाशीतल्या शेतकऱ्याला दोन महिन्यांपूर्वी झटका येऊन गेला. इको सांगतो, पंपिंग ३० टक्के, पुढची भिंत हलत नाही. ती मेली आहे की निजली आहे? पाण्यावाचून पऱ्हाटी माना टाकते, पण मुळं ओली असतील तर एका पाळीनं उभी राहते. वाळलेली पऱ्हाटी कितीही पाणी दिलं तरी उठत नाही. रेमंड किम नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ५० रुग्णांवर नेमकं हेच तपासलं. रक्तपुरवठा पूर्ववत केल्यावर, पांढरा डाग मुळीच नसलेल्या मंदावलेल्या भागांपैकी ७८ टक्के सुधारले. भिंतीच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त जाडी पांढरी असलेल्या ५८ भागांपैकी फक्त एक सुधारला.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीत दुखणारे ९१८ रुग्ण होते. एमआरआय पाहून उपचार ठरवलेल्या गटात सुमारे ३६ टक्के लोकांना अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली, धमनीतला दाब मोजून ठरवलेल्या गटात ४५ टक्के. वर्षभरानंतर दोन्ही गटांत मृत्यू आणि झटक्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. म्हणजे काही जणांच्या छातीतला स्टेंट नीट पाहिल्यामुळे टळला.

खरं तेही सांगितलं पाहिजे. स्नायू जिवंत दिसला म्हणजे स्टेंट हवाच, असा नियम नाही. पंपिंग फार कमी असलेल्या ७०० रुग्णांचा ब्रिटनमधला अभ्यास २०२२ साली आला. त्यात उत्तम औषधांच्या जोडीला अँजिओप्लास्टी करून मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन दवाखान्यात भरती होणं कमी झालं नाही. म्हणून गोळ्या कधीही परस्पर बंद करू नका.

हृदयाचा एमआरआय प्रत्येक सेंटरवर होत नाही. त्याला वेगळी प्रणाली आणि शिकलेला डॉक्टर लागतो. स्टेंट असला तरी ही तपासणी करता येते. जुना पेसमेकर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा. जोडवी, डोरलं, मोबाइल, सगळं बाहेर ठेवा. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेल्या माणसाचा जीव गेला, इतकी त्या चुंबकाची ओढ असते.

दक्षिण आशियात पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो आणि इतर देशांत ५९ च्या आसपास, असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे माणूस कर्ता असतानाच पडतो. म्हणून शेवटी दोन गोष्टी मागतो.

छातीत कळ, जबडा किंवा हात भरून येणं, दरदरून घाम, असं झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून सकाळची वाट पाहू नका. ती वेळ एमआरआयची नाही. १०८ ला फोन करा आणि पहिल्या दवाखान्यात ईसीजी काढा. ईसीजीत मोठा झटका दिसला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच घ्या. आणि झटक्यातून वाचलेल्या प्रत्येकानं पुढच्या भेटीत ब्लॉकेजच्या टक्क्यांबरोबर डॉक्टरांना हेही विचारावं : माझ्या हृदयाचा किती स्नायू अजून जिवंत आहे?