दोन मिलिमीटरचा ड्रायव्हर



रेडिओवर बोलायचं म्हणून विषयही रेडिओच्या नात्यातलाच घेतलाय. हल्ली पोरांकडे, आणि पोरांपेक्षा त्यांच्या बापांकडे जास्त, रेडिओलहरींवर चालणाऱ्या छोट्या मोटारी दिसतात. पूर्वी या गाड्या २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालायच्या. दोघांकडे एकाच वारंवारतेचे क्रिस्टल निघाले, की एकाची गाडी दुसऱ्याच्या हुकमानं भिंतीवर जायची. आता २.४ गिगाहर्ट्झवर तो घोळ मिटलाय. मला मात्र आज लहरींबद्दल बोलायचं नाही. या गाड्या ज्या हत्यारानं खोलतात आणि पुन्हा जोडतात, त्या हत्याराबद्दल बोलायचंय. दुकानात त्याला हेक्स ड्रायव्हर म्हणतात: सरळ दांडी, एका बाजूला मूठ, दुसऱ्या बाजूला षटकोनी टोक. वाकडी ॲलन की आपल्याला ठाऊक असते, हा तिचाच सरळ अवतार.

खेळण्यातली गाडी मोडली की माळ्यावर जाते. छंदाची गाडी मात्र ती मोडणार आहे हे धरूनच बनवलेली असते. सस्पेन्शनचा आर्म तुटला, बदला. गिअरचा दात गेला, बदला. डिफरन्शियलमधलं सिलिकॉन तेल पातळ वाटतंय, घट्ट तेल भरा. एक दशांश मापाच्या एखाद्या बग्गीत स्क्रूंची संख्या शंभराच्या घरात जाते, आणि बहुतेक स्क्रूंच्या डोक्यात सहा कोनांची खाच असते. जपानच्या तामिया कंपनीची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी, पोर्शे ९३४, आली १९७६ साली. तिच्या बऱ्याच गाड्यांत आजही फुलीचे स्क्रू असतात. त्या फुलीचा जपानी घाट वेगळा, आपला नेहमीचा फिलिप्स तिच्यात नीट बसत नाही. तो वेगळा विषय आहे, त्या वाटेला आज जात नाही.

ही षटकोनी खाच आली कारखान्यांतून. गेल्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यात छताखालून एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरच्या पट्ट्यांनी खालची यंत्रं चालायची. मुंबईच्या जुन्या गिरण्या ज्यांनी आतून पाहिल्यात, त्यांना हे सांगायला नको. शाफ्टवरची पुली जागच्या जागी धरणाऱ्या स्क्रूचं चौकोनी डोकं बाहेर आलेलं असायचं. त्यात कामगाराची बाही अडकली की माणूस ओढला जायचा. डोकं बाहेर ठेवूच नये, खाच आत घ्यावी, या कल्पनेतून अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात विल्यम ॲलन यांनी षटकोनी खाचेचे स्क्रू बनवायची रीत काढली आणि १९१० साली तिचं पेटंट मिळवलं. आज तुमच्या बग्गीच्या मोटरवर पिनियन गिअर धरून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू त्याच घराण्यातला. काम तेच, शाफ्टवर चाक पकडून ठेवायचं.

आता मापं. गाडीला चारच लागतात: १.५, २, २.५ आणि ३ मिलिमीटर. बाजारात तीस-चाळीस तुकड्यांचे चकचकीत संच मिळतात, त्यातले उरलेले तुकडे डब्यात खुळखुळण्यापलीकडे काही करत नाहीत. गाडीत सगळ्यात जास्त भेटणारा स्क्रू म्हणजे एम-३, तीन मिलिमीटर जाडीचा. त्याचं डोकं गोल घुमटासारखं किंवा चपटं असेल तर खाच २ ची. उंच, नळकांडी डोकं असेल तर २.५ ची. आणि बिनडोक्याचा ग्रब स्क्रू असेल तर अवघी १.५ ची. स्क्रू तोच, डोकं बदललं की खाच बदलते, त्यामुळे नवखा माणूस हमखास चुकतो. २.५ च्या खाचेत २ ची चावी सैलपणे जाते, ‘थोडी फिरतेय’ म्हणून तो जोर लावतो आणि खाचेचे कोपरे खाऊन टाकतो.

कोपरे का जातात, हे नीट समजून घ्या, कारण सगळी निवड त्यावरच ठरते. षटकोनी टोक खाचेत फिरतं तेव्हा जोर लागतो तो सहा कोपऱ्यांजवळच्या अगदी छोट्या जागेवर. टोक आणि खाच यांच्यात फट जितकी जास्त, तितका तो जोर कोपऱ्याच्या कडेवर एकवटतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २ मिलिमीटरची चावी १.९६ ते २.०० मिलिमीटर असावी, आणि २ ची खाच २.०२ ते २.०८. म्हणजे चावी सगळ्यात बारीक आणि खाच सगळ्यात मोठी, असा योग जुळला तर दोन्ही नियमात असूनही मध्ये ०.१२ मिलिमीटरची फट राहते. ३ च्या चावीला ही फट पचते. १.५ ला मात्र ती जड जाते. चांगला बनवणारा आपलं टोक नियमाच्या वरच्या काठाला, म्हणजे २.०० च्या अगदी जवळ ठेवतो. पैसे आपण याचेच मोजतो. मुठीचा रंग, दांडीवरचा सोनेरी मुलामा, चामड्याची पिशवी ही सगळी वरची वरात. टायटॅनियम नायट्राइडचा तो सोनेरी थर कडक असतो हे खरं, पण तो असतो काही मायक्रॉन जाडीचा. आतलं पोलाद मऊ असेल तर थर काय वाचवणार?

पोलादाचं म्हणाल तर वेष्टनावर ‘एस-२’ असं लिहिलेलं शोधा. धक्के सोसण्यासाठी घडवलेलं हे हत्यारी पोलाद आहे. साधं क्रोम व्हॅनेडियमही वाईट नसतं, पाणी नीट पाजलेलं असलं म्हणजे झालं. तत्त्व एवढंच, की टोक स्क्रूपेक्षा कडक हवं. आणि कडकपणा नुसता वाढवूनही भागत नाही, फार कडक टोक पिळलं की काचेसारखं तुटतं आणि तुकडा खाचेतच राहतो.

दुकानात उभं राहून परीक्षा कशी घ्यायची? खिशात एक नवा कोरा एम-३ स्क्रू ठेवा. ड्रायव्हरचं टोक त्याच्या खाचेत घाला आणि मूठ डावी-उजवीकडे हलवून बघा. मूठ बरीच फिरते आणि मग स्क्रूला ओढ लागते, असं असेल तर ड्रायव्हर परत ठेवा. टोकाचा शेवट सपाट घासलेला हवा, आणि सहा कोपरे नखाला लागले पाहिजेत. कडा गोलसर मारलेल्या असतील तर उथळ खाचेत टोक धड बसणार नाही. घुमटाकार डोक्याच्या स्क्रूत खाच मुळातच उथळ असते. व्हर्निअर कॅलिपर असेल तर मोजाच. दुकानदार थोडा वैतागेल, वैतागू द्या.

इंचांचा सापळा वेगळा सांगायला हवा. जुन्या अमेरिकन गाड्या, उदाहरणार्थ १९८४ साली आलेली असोसिएटेड कंपनीची आरसी-१०, इंचांच्या स्क्रूंवर बांधलेल्या असायच्या. परदेशातला मामा जुनी बग्गी पाठवतो, किंवा कुणी तिथल्या बाजारातून मागवतो, तेव्हा हा प्रश्न येतो. पाच चौसष्टांश इंच म्हणजे १.९८ मिलिमीटर, २ च्या खाचेत ते जवळपास चालून जातं, त्यामुळे माणूस गाफील होतो. मग तीन बत्तिसांश इंचाची चावी तो २.५ च्या खाचेत घालतो. ती भरते २.३८. खाच गेलीच म्हणून समजा. अमेरिकन संचात आकडे अपूर्णांकात दिसले, तर तो संच जुन्या गाडीसाठी बाजूला ठेवा, मिलिमीटरच्या डब्यात मिसळू नका.

मात्र याच इंचवाल्यांचा एक उपयोग जाणकार करतात. १.५ ची खाच थोडी झिजून चावी घसरायला लागली, की एक सोळांश इंचाची, म्हणजे १.५९ मिलिमीटरची चावी हलक्या हातोडीनं आत बसवतात आणि स्क्रू काढून घेतात. काढल्यावर तो स्क्रू फेकायचा, पुन्हा लावायचा नाही.

हे १.५ चं प्रकरण सगळ्यात त्रासाचं, म्हणून त्यावर जरा थांबतो. दांडीची पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाच्या हिशेबानं बदलते. १.५ ची चावी ३ च्या निम्मी जाड, पण ताकद निम्मी राहत नाही, एक अष्टमांश होते. आणि नेमकी हीच चावी पिनियनच्या ग्रब स्क्रूला लागते, जो कंपनानं सुटू नये म्हणून निळं थ्रेडलॉकर लावून बसवलेला असतो. म्हणजे सगळ्यात दुबळ्या टोकाला सगळ्यात हट्टी स्क्रू. अशा वेळी जोर वाढवू नका. सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक थोडा वेळ त्या स्क्रूला लावून धरा, आतला गोंद नरम पडतो. मग खाच साफ करा, टोक पूर्ण तळापर्यंत घाला, ड्रायव्हर सरळ रेषेत दाबून धरा आणि एका लयीत फिरवा. झटके देऊ नका. हे निळं औषध धातूत धातू जातो तिथंच लावायचं. प्लॅस्टिकला ते लावलं तर काही प्लॅस्टिकं तडकतात.

खाच साफ करा म्हणालो, त्याचंही सांगतो. आपल्याकडे या गाड्या धावतात कुठं? देशावर काळ्या मातीत, कोकणात जांभ्याच्या लाल धुळीत. काळी माती ओली असताना खाचेत शिरते आणि वाळली की दगड होते. टोक अर्धंच आत जातं आणि वरच्या वर कोपरे सोलून निघतात. हे असं खराब झालेलं आपण ‘हलका माल’ म्हणून कंपनीच्या माथी मारतो. एक दाभण किंवा जाड सुई हत्यारांच्या डब्यात ठेवा, प्रत्येक स्क्रूची खाच आधी कोरून घ्या. आणि पावसाळ्यात, किनाऱ्याला राहत असाल तर बारा महिने, काम झालं की टोकांवर तेलाचं फडकं फिरवा. काळ्या पोलादाला गंज चढायला आपल्याकडे फार दिवस लागत नाहीत.

गोळीच्या टोकाचे ड्रायव्हर दिसायला मोहक असतात. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या बाँडस कंपनीनं हे टोक प्रसिद्ध केलं. २५ अंशांपर्यंत तिरकं धरूनही स्क्रू फिरतो. आडोशाच्या जागी सैल झालेला स्क्रू भराभर काढायला ते झकास. पण गोळीखालची मान बारीक असते आणि कोपऱ्यांना टेकायला जागा कमी. म्हणून घट्ट बसलेला स्क्रू पहिल्यांदा सैल करायला आणि शेवटचा पीळ द्यायला सरळ टोकच वापरा. पहिली खरेदी गोळीच्या टोकाची करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुठीबद्दल थोडंसं. जाड मूठ म्हणजे जास्त जोर, आणि एम-३ चा स्क्रू नायलॉनच्या भागात जात असेल तर जास्त जोर म्हणजे आटे गेले. बारीक मूठ, तिच्या शेवटी बोटावर टेकणारी फिरती टोपी, ही रचना मला बरी वाटते. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यांत तो किंचित खाली बसल्याचं हाताला कळतं, तिथून सुलटा फिरवा. बॅटरीवर चालणारा स्क्रूड्रायव्हर स्क्रू काढायला वापरलात तर माझी हरकत नाही. लावायला मात्र हातच.

टोक झिजतंच. उजेडात धरलं की कोपऱ्यांवर चकाकणारी रेघ दिसते. अशा वेळी ग्राइंडरवर टोकाचा मिलिमीटरभर भाग सपाट घासून काढला की खालचे ताजे कोपरे वर येतात. घासताना पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. काही कंपन्यांच्या ड्रायव्हरमध्ये टोक वेगळं विकत घेऊन बदलता येतं. स्लोव्हाकियातल्या हुडीसारख्या, शर्यतींच्या गाड्यांसाठीच हत्यारं बनवणाऱ्यांकडे ही सोय आहे. आपल्याकडे येईपर्यंत असा एकेक ड्रायव्हर हजार-दोन हजारांपर्यंत जातो. महाग आहे, पण दर आठवड्याला गाडी खोलणाऱ्याला तो वर्षानुवर्षं पुरतो.

एवढे पैसे घालायचे नसतील तर पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर जा. नाशिकच्या टपारियाचा १.५ ते १० मिलिमीटरचा नऊ वाकड्या चाव्यांचा संच तिथं काही शे रुपयांत मिळतो. त्यातल्या पहिल्या चार गाडीच्या, बाकीच्या सायकलला आणि घरातल्या फर्निचरला. वाकड्या चावीनं काम सावकाश होतं, पण हट्टी स्क्रूला तिचा लांब हात जास्त जोर देतो. त्यामुळे पुढे चांगले ड्रायव्हर घेतलेत तरी हा संच टाकू नका. गाडीच्या खोक्यातून येणारी ती पातळ पत्र्यासारखी चावी मात्र आजच काढून टाका. आणि ड्रायव्हरसोबत एम-३ च्या सुट्या स्क्रूंचं एक पाकीट घ्या. खाच बिघडलेला स्क्रू पुन्हा लावायचा मोह त्यानं आपोआप टळतो.

चारही ड्रायव्हर एकदम घ्यायला जमत नसेल, तर आधी २ चा घ्या आणि मग १.५ चा, दोन्ही परवडतील तितके उत्तम. २.५ आणि ३ चे दिवाळीपर्यंत थांबले तरी चालतील.