संगणकाआधी सुई आणि पुठ्ठा
(वाकोला येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी कित्येक कुटुंबे दुसरी-तिसरीतील मुलांच्या संगणक-शिकवणीसाठी पोटाला चिमटा घेऊन पैसे भरीत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणात संगणकीय विचारपद्धतीचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु ती पद्धती म्हणजे यंत्र नव्हे. मोठे काम लहान पायऱ्यांत फोडणे, त्यांचा क्रम लावणे व चूक हुडकणे, एवढाच तिचा आरंभ. त्यास वीज लागत नाही.

एखाद्या लग्नातील उरलेल्या ३२ पत्रिका घ्या. प्रत्येकीच्या वरच्या कडेस एकाच जागी पाच भोके पाडा. त्यांची नावे १६, ८, ४, २, १. पत्रिकांवर ० ते ३१ आकडे घाला. १३ म्हणजे ८, ४ आणि १. तेव्हा ती तीन भोके शाबूत ठेवून उरलेली दोन कडेपर्यंत कापावी. सर्व पत्रिका याच रीतीने करून पिसाव्या. मग १ च्या भोकांतून विणकामाची सुई घालून गठ्ठा उचलावा. खाचेच्या पत्रिका खाली गळतात. सुईवरच्या, क्रम न मोडता, त्यांच्या मागे ठेवाव्या. पुढे २, ४, ८, १६. पाचव्या खेपेस सर्व पत्रिका ओळीने लागतात! मुलाने ४ ची पायरी २ च्या आधी केली, तर गठ्ठा बिघडतो. कोठे बिघडला, हे त्यानेच शोधावे. मास्तरांनी तोंड मिटून बसावे. आम्हा शिक्षकांस हेच सर्वांत जड जाते. अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतीत हॉलरिथ यांच्या यंत्रांनी भोकांच्या पत्त्यांवरूनच मोजणी केली होती.

आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून विज्ञान शिकविणारे श्री. अरविंद गुप्ता पुण्याचेच म्हणावयास हरकत नाही. १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात ते १९७८ साली गेले. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. काड्यांचा चौकोन डुगडुगतो, त्रिकोण डुगडुगत नाही, हे मूल बोटांनी शिकते.

कोणी म्हणेल, श्रीमंतांच्या मुलांस संगणक आणि आमच्यांस पुठ्ठा काय? आक्षेप रास्त आहे. संगणक हवाच, पण सहावी-सातवीत. म्हणून शिक्षणनिधीतील रक्कम लहानांच्या शिकवणी-शुल्कात न घालता मोठ्यांच्या सामाईक संगणकासाठी राखावी, अशी कार्यकारिणीस माझी विनंती आहे. लहानांसाठी दर रविवारी सकाळी मी येईन. पत्रिका व सुया तेवढ्या घरून पाठवाव्या.