काळ्या डब्यातली काळी अक्षरं

आजचा विषय इतका लहान आहे की त्याच्यावर अख्खा भाग करायचा म्हटल्यावर मलाच हसू आलं. कोड एडिटरमध्ये एखाद्या नावावर माउस नेला की छोटा डबा उघडतो ना? त्याला टूलटिप म्हणतात, कुणी होवर म्हणतं. लिनक्सवर त्या डब्यातली अक्षरं दिसत नसतील तर काय करायचं, एवढंच आज बोलायचंय. बसमध्ये ऐकत असाल तर काही लिहून घेऊ नका. फाइलची नावं मी बोलूनच सांगतो आणि खाली मजकुरात ती असतीलच.

आधी माझी फजिती सांगतो. २०१९. पहिली नोकरी, छोटी कंपनी. मशीनवर उबुंटू १६.०४ आणि एक्लिप्स. काम होतं कूपनची मुदत तपासायचं. ३० जूनपर्यंत कूपन चालेल, नंतर बंद. मी जावामध्ये सरळ नवीन डेट बनवली, कंसात २०१९, ५, ३०. पाच का, तर तिथे महिने शून्यापासून मोजतात, हे मला ठाऊक होतं. त्याचा थोडा अभिमानही होता.

एक्लिप्सनं त्या डेटवर आडवी रेघ मारली. म्हणजे ‘हे जुनं झालंय, वापरू नका’. मी माउस नेला, डबा उघडला. काळा डबा, त्यात गडद करडी अक्षरं आणि एक-दोन निळ्या लिंक. पाटीवर कोळशानं लिहिल्यासारखं. काही वाचता येईना. मला वाटलं, असतं असं, लिनक्स आहे. कोड चालत होता, पुढे गेलो.

त्या डब्यात काय लिहिलं होतं, तर वर्ष देताना त्यातून १९०० वजा करून द्या. मी २०१९ दिलं, म्हणजे जावानं धरलं ३९१९. स्क्रीनवर आम्ही फक्त दिवस आणि महिना दाखवत होतो, ३० जून. त्यामुळे टेस्टिंगमध्येही कुणाला काही वावगं दिसलं नाही. जुलै उजाडला, कूपन चालूच. अकरा दिवसांनी अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, ‘ही सूट अजून कशी जातेय?’

सर माझ्या मशीनपाशी आले, कोड बघितला आणि म्हणाले, ‘अरे, टूलटिप वाचली नाहीस का?’ मी म्हटलं, ‘सर, ती दिसतच नाही.’ खोलीत जे हसू पिकलं ते अजून कानात आहे. चूक माझीच होती, आडवी रेघ मला दिसली होतीच. पण ज्या जागी मला कुणीतरी सांगत होतं ती जागाच काळी होती, हेही तितकंच खरं.

आता हे होतं कशामुळे?

एक्लिप्स बटणं, मेन्यू, डबे स्वतः रंगवत नाही. तिच्याखाली एसडब्ल्यूटी नावाचा थर आहे, तो लिनक्सवर हे काम जीटीकेला देतो. आणि जीटीके रंग घेतं डेस्कटॉपच्या थीमकडून. उबुंटूची ॲम्बियन्स थीम २०१० मध्ये १०.०४ बरोबर आली आणि १८.०४ पर्यंत तीच डीफॉल्ट होती. तिच्यात टूलटिप काळी आणि तिच्यावरची अक्षरं पांढरी. जोडी म्हणून यात काही चूक नाही. गडबड होते ती प्रोग्रॅम जोडीतला एकच रंग उचलतो तेव्हा. मागचा काळा थीमकडून घेतला, पण अक्षराचा किंवा लिंकचा रंग घरचाच ठेवला. एकानं भिंत रंगवली, दुसऱ्यानं तिच्यावर नाव लिहिलं, दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत.

यात ‘मला बरं दिसतं, तुझे डोळे तपास’ असा वाद घालायची गरज नाही, कारण हे मोजता येतं. वेबसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत. दोन रंगांतला कॉन्ट्रास्ट एकपासून एकवीसपर्यंत मोजतात. पांढऱ्यावर काळा म्हणजे २१. नेहमीच्या आकाराच्या मजकुराला निदान ४.५ हवा. आता लिंकचा शुद्ध निळा घ्या. पांढऱ्यावर तो ८.५९ येतो, म्हणजे उत्तम. तोच काळ्यावर ठेवला की २.४४. निळा रंग कुणी वाईट निवडला नव्हता, त्याच्या मागची भिंत बदलली.

उपाय. नेटवर सगळ्यात जास्त फिरणारा उपाय म्हणजे थीमची मूळ फाइल सुडो लावून बदला. यूएसआर, शेअर, थीम्स, ॲम्बियन्स असं आत जायचं आणि रंग फिरवायचे. चालतो, मीही आधी तोच केला. पण ती फाइल तुमची नाही, पॅकेजची आहे. थीमचं अपडेट आलं की तुमचा बदल पुसला जातो. माझा गेला, आणि पुन्हा कुठे काय बदललं होतं ते शोधण्यात अर्धा दिवस गेला.

त्यापेक्षा बदल आपल्या घरात करा. होम फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिग, त्यात जीटीके-३.०, आणि त्यात जीटीके डॉट सीएसएस नावाची फाइल. नसेल तर बनवा. त्यात दोन ओळी, ॲट-डिफाइन-कलरनं सुरू होणाऱ्या. पहिलीत टूलटिप_बीजी_कलर म्हणजे मागचा रंग, दुसरीत टूलटिप_एफजी_कलर म्हणजे अक्षराचा. मी मागे फिकट पिवळा ठेवला, एफ५एफ५बी५, आणि अक्षर काळं. कॉन्ट्रास्ट १८ च्या वर जातो आणि ती निळी लिंकही ७ च्या पुढे येते. पिवळा जुनाट वाटतो, मान्य आहे. दिसतो मात्र.

दोन्ही ओळी लिहा हां. फक्त मागचा रंग बदललात आणि थीमचं अक्षर पांढरं राहिलं, तर पिवळ्यावर पांढरं होईल. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

काही थीम ही रंगांची नावं वापरतच नाहीत, रंग थेट नियमात लिहितात. मग या दोन ओळींनी ढिम्म काही होत नाही. अशा वेळी त्याच फाइलमध्ये टूलटिपचा नियम स्वतः लिहायचा. बॅकग्राउंड-कलर, कलर, आणि बॅकग्राउंड-इमेज नन, कारण कधी कधी काळा रंग चित्र म्हणून आलेला असतो. आतल्या लेबललाही कलर द्या. नंतर एक्लिप्स बंद करून पुन्हा उघडा. आणि लक्षात ठेवा, ही फाइल एकट्या एक्लिप्सला लागू होत नाही, तुमच्या सगळ्या जीटीके-३ प्रोग्रॅमना लागू होते. फार जुनी एक्लिप्स जीटीके-२ वर चालत असेल तर ही फाइल तिच्या कामाची नाही. तिला होममधली डॉट-जीटीकेआरसी-२.० लागते.

दोष थीमचा की एडिटरचा हे कळत नसेल, तर टर्मिनलवरून जीटीके_थीम हे व्हेरिएबल दुसऱ्या थीमचं नाव देऊन एक्लिप्स एकदा चालवून बघा. डब्याचे रंग बदलले तर थीम. काहीच हललं नाही तर एडिटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शोधा.

तुमच्यातले बरेच जण म्हणतील, आम्ही व्हीएस कोडवाले. तिथे जीटीकेच्या फाइलचा काही उपयोग नाही. तो इलेक्ट्रॉनवर चालतो आणि होवरचा रंग त्याच्या स्वतःच्या थीममधून येतो. सेटिंग्ज डॉट जेसनमध्ये वर्कबेंच डॉट कलरकस्टमायझेशन्स, त्यात एडिटरहोवरविजेट डॉट बॅकग्राउंड आणि एडिटरहोवरविजेट डॉट फोरग्राउंड. इथेही जोडीनंच. वाटलं तर बॉर्डर द्या, डबा कोडपासून वेगळा उठून दिसतो. आणि हे सगळं चौकटी कंसात थीमचं नाव घालून त्याच्या आत लिहा. नाहीतर रात्री डार्कसाठी केलेला बदल सकाळी लाइट थीमवरही येऊन बसतो.

हां, त्या दिवसाचं राहिलंच. कूपन बंद झालं, कोड मी लोकलडेटवर नेला. संध्याकाळी टूलटिप पिवळी करून घेतली. सर जाता जाता थांबले, स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, ‘हे कसं केलंस?’ मी फाइल दाखवली. म्हणाले, ‘मला पण टाकून दे.’ ते दोन वर्षं एफ२ दाबून डब्यात शिरत होते आणि मजकूर माउसनं सिलेक्ट करून वाचत होते, कारण सिलेक्ट केल्यावर मागचा रंग बदलतो.

भेटू पुढच्या भागात.