खर्चाचं नाव नीट वाचा
(प्रभागसंघाच्या सभेतील भाषण)



लाच म्हटलं की आपल्याला टेबलाखालून सरकवलेली नोट आठवते. पण मोठी लाच नोटेसारखी दिसतच नाही. ती व्हाउचरवर असते, सहीशिक्क्यासकट.

शेजारच्या गोव्यातलंच बघा. तिथं जपानच्या कर्जातून पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची योजना झाली. सल्लागारांमध्ये लुई बर्जर ही अमेरिकेची कंपनी होती. २०१५ साली कंपनीनं तिकडं कबूल केलं, की भारत, इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि कुवेतमध्ये कामं मिळवायला आम्ही ३९ लाख डॉलर लाच दिली. तिला १ कोटी ७१ लाख डॉलर दंड झाला. दोन माजी अधिकाऱ्यांनी गुन्हा कबूल केला, त्यातला एक तुरुंगात गेला. गोव्यात गुन्हे शाखेनं गुन्हा नोंदवला, एका माजी मंत्र्यांना अटकही झाली.

आता ऐका. हे पैसे लाच म्हणून लिहिलेलेच नव्हते! 'कमिटमेंट फी', 'मार्केटिंग फी', 'फील्डवरचा खर्च' अशी सभ्य नावं दिली होती. आणि योजनेचं कर्ज फेडायचं कुणी? जनतेनं.

आपल्याकडंही कर्जाची फाईल पुढं सरकायला 'चहापाणी', 'फाईल खर्च' मागतात. एकच करा, पावती मागा. खरी फी असेल तर पावती मिळते. पावती द्यायला का-कू केली, की समजून जा.

कायदाही माहीत असू द्या. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८चा आहे. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पण जबरदस्तीनं द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर देणारीला संरक्षण आहे. घेणाऱ्या सरकारी नोकराला तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. साहेबांच्या नावावर पैसे मागणारा दलालही सुटत नाही. म्हणून पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. एकटीला भीती वाटली तर ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा, चौघीजणी मिळून जा.

आणि सुरुवात आपल्या वहीपासून करू. लेखे ठेवणं हे आपल्या पंचसूत्रीतलंच सूत्र आहे. पुढच्या बैठकीपासून प्रत्येक खर्च पावतीसकट मोठ्यानं वाचायचा. 'इतर खर्च' असं लिहिलं असेल, तर इतर म्हणजे काय, हे विचारायचं. अध्यक्षांनाही विचारायचं, सचिवांनाही. त्यात कुणी राग मानायचा नाही.