निळा रंग संपत नाही तेव्हा

कविता लिहायला पाठकोरा कागद आणि बोटभर शिसपेन पुरतं. चित्राचं तसं नाही. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचं तर रंगपेटी हवी, ब्रश हवेत, जाड कागद हवा. अब्बा पेटी आणून द्यायचे, पण त्यातला निळा सगळ्यांत आधी संपायचा. मग आम्ही पोरं आभाळ लहान काढायचो. श्रोतेहो, अशी आभाळं लहान करत करत कितीतरी मुलांचं चित्र काढणंच सुटलं. मीही त्यातलाच. पन्नाशीनंतर संगणकावर निसर्गचित्रं शिकायला बसलो, ते तिथे निळा संपत नाही म्हणून.

पण रंग संपत नाहीत म्हणजे पैसे लागत नाहीत, असं नाही. पहिला प्रश्न येतो तो सॉफ्टवेअरचा. सगळे फोटोशॉपचं नाव घेतात. ते १९९० साली आलं, मुळात छायाचित्रांवर काम करण्यासाठी. चित्रकारही ते वापरतात आणि त्यात उणं काही नाही. मात्र २०१३ पासून अ‍ॅडोबी कंपनीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं सोडलं आणि भाडं सुरू केलं. भाडं थांबलं की सॉफ्टवेअर बंद. फाइल आपल्याकडेच राहते, पण ती सगळ्या थरांसकट जशीच्या तशी उघडायला दुसरं दार शोधावं लागतं. ज्याचं पोट चित्रांवर आहे त्याला हे परवडेल. हौशी माणसाने भाड्याच्या घराची भिंत कशाला रंगवायची? २०११ साली आलेलं प्रोक्रिएट एकदाच पैसे घेतं आणि हाताला फार गोड आहे, पण त्यासाठी अ‍ॅपलचंच यंत्र लागतं. म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग, याच्या उलटा प्रकार.

मी क्रिटा निवडलं. फुकट ते पौष्टिक, एवढ्यासाठी नाही. हे सॉफ्टवेअर खुलं आहे, त्याची मांडणी चित्र काढणाऱ्यांसाठीच केलेली आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींवर ते चालतं. गिंपही फुकट आहे, पण त्याचा जीव फोटो दुरुस्तीत जास्त रमतो.

माउसने चित्र काढणं म्हणजे साबणाच्या वडीने अक्षरं गिरवणं. साधा, पडदा नसलेला पेन टॅब्लेट घ्यावा. पेन दाबाल तशी रेघ जाड होते. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर, ही फारकत अंगवळणी पडायला काही आठवडे जातात. माझा हात आता थोडा कापतो. क्रिटात रेघ स्थिर करणारी सोय आहे, ती घरांच्या कडांना उपयोगी पडते. गवत काढताना मी ती बंद ठेवतो. गवताला कापरा हातच शोभतो.

आता खरं काम. आभाळ एका थरावर, लांबचे डोंगर दुसऱ्यावर, जवळची झाडं तिसऱ्यावर. कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे पाहा. तो डोंगर हिरवा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण हिरवा लावतो आणि डोंगर नाकाशी येऊन बसतो. मधली हवा निळा प्रकाश विखुरते, त्यामुळे लांबचं सगळं फिकट, निळसर दिसतं आणि उजेड-सावलीतलं अंतरही मिटत जातं. हे तपासायची एक युक्ती आहे. सगळ्यांत वर एक थर घ्या, त्यात काळा भरा आणि मिश्रणाचा प्रकार ‘कलर’ ठेवा. चित्र कृष्णधवल दिसू लागतं. तेवढ्यात डोंगर मागे गेला तर गेला. नाही गेला तर कोणताही रंग त्याला मागे नेणार नाही.

पडद्यावर १ कोटी ६७ लाख रंग मिळतात. मी पाच-सहाच घेतो. पानांचे, ढगांचे छाप मारणारे तयार ब्रशही ढिगाने मिळतात. कवी म्हणून सांगतो, ती तयार यमकं आहेत.

डेव्हिड हॉकनी या इंग्लिश चित्रकाराने २०११ सालचा यॉर्कशरचा वसंत आयपॅडवर रंगवला, तेव्हा तो सत्तरीच्या पुढे होता. एकाच रस्त्याकडे तो पुन्हा पुन्हा पाहत राहिला. आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या परिसराकडे असंच पाहिलं होतं. ते १९३१ साली गेले. त्यांच्या कामातलं फार थोडं उरलं, असं जुनी माणसं सांगतात. म्हणून माझं प्रत्येक चित्र मी थरांसकट क्रिटाच्या फाइलमध्ये ठेवतो, शिवाय पीएनजी करून, आणि तेही दोन ठिकाणी. ए-फोर कागदावर नीट छापायचं तर सुरुवातीलाच २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचा कागद घ्यावा. मागाहून ताणला की चित्र धुरकटतं. आणि पडद्यावरचा पोपटी छापल्यावर मलूल होतो, तेव्हा आधी एक छोटा नमुना छापून पाहावा.

ज्या शाळांच्या खोलीत संगणक आहेत, तिथल्या शिक्षकांना एक विनंती. क्रिटा सगळ्या यंत्रांवर बसवायला परवाना विकत घ्यावा लागत नाही. जुन्या यंत्रावर थर वाढले की ते अडखळतं, तेव्हा दोन थर एकत्र करायला मुलांना शिकवा. पेन टॅब्लेट वर्गात एकच असला तरी चालेल, मुलं पाळीपाळीने घेतील. बाकीच्यांना तोवर खिडकीतून बाहेर बघू द्या.